भाऊबंदकी

मराठीत 'की' हा एक मोठा गुणी प्रत्यय आहे. माणसाला तो लागला की माणुसकी होते. पण तोच प्रत्यय भाऊबंदांना लागला, की कोर्टाची पायरी, बांधावरची कुऱ्हाड आणि दोन चुलींमधली न बोलती भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. भाऊबंदकी म्हणजे वस्तुतः भाऊपण. पण भाऊपण या अर्थाने तो शब्द वापरणारा मनुष्य आज शोधूनही सापडायचा नाही. जिथे नाते दाट तिथे कलहही दाट, हे आपल्या लोकांनी अनुभवाने केव्हाच ठरवून टाकले होते.

परक्याशी भांडण होते ते वस्तूवरून. शेत गेले, पैसा बुडाला, की माणूस चार वर्षे कोर्टकचेरी करतो आणि निकाल लागला की विसरतो. भावाशी होणारे भांडण शेतावरून सुरू होते खरे, पण ते शेतापाशी थांबत नाही. आजोबांनी कोणाला जवळ केले, आईचे दागिने कोणाकडे गेले, दुष्काळात कोणी कोणाला पोसले, हे सारे त्यात येते. परका आपली वस्तू नेतो. भाऊ आपल्या आठवणींचा निम्मा वाटेकरी असतो. त्यामुळे त्याचे वेगळे होणे हेच थोरल्याला आपल्यावरचे आक्रमण वाटते, आणि थोरल्याने 'आपण एकच' म्हणणे हेच धाकट्याला जुलूम वाटू लागते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा हीच गोष्ट जगाला मोठ्या अक्षरांत वाचायला मिळाली. रशियाच्या अध्यक्षांनी आदल्या वर्षीच्या जुलैत एक लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे मुळात एकच लोक आहेत असे प्रतिपादन केले होते. प्रेमाची भाषा होती ती! तीच भाषा झारशाहीतही होती. १८७६ साली एम्स येथून निघालेल्या हुकुमाने युक्रेनी भाषेतली पुस्तके छापण्यावर बहुतांशी बंदी आली. कारण काय, तर ती वेगळी भाषाच नव्हे. तारास शेव्चेन्को या त्यांच्या कवीला १८४७ साली सक्तीने सैनिक करून दूरच्या प्रांतात धाडले आणि लिहायचे नाही, चित्र काढायचे नाही असे फर्मावले. १९९१ च्या डिसेंबरात युक्रेनी जनतेने ९० टक्क्यांहून अधिक मतांनी वेगळी चूल मांडली, तरी थोरल्या घराला ती वाटणी मनातून मान्य झाली नव्हती. आणि या साऱ्या काळात लाखो युक्रेनी माणसे रशियात पोट भरायला जात होती. मॉस्कोतल्या इमारतींवर, सैबेरियाच्या तेलविहिरींवर त्यांचे हात होते. अशा कमावायला बाहेर पडणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेत एक वेगळा शब्दच आहे: झारोबित्चानी. २०१४ साली क्रिमिया गेला, डोनबास पेटला, आणि मग हे लोंढे हळूहळू पोलंडच्या दिशेने वळले. खार्किव्हच्या तळघरातून मुलगा फोनवर सांगतो की आमच्यावर बाँब पडताहेत, आणि रशियातल्या बापाचा त्यावर विश्वास बसत नाही, असे वृत्तान्त २०२२ साली वाचले तेव्हा भाऊबंदकी या शब्दाला रशियन भाषेत प्रतिशब्द नसेल, पण अनुभव तोच आहे, असे मनात आले.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून युद्धेही सोपी दिसतात. मंगळवार पेठेत कट्ट्यावर बसून रशियाने काय करायला हवे होते हे कोणीही सांगेल, आणि बहुधा बरोबर सांगेल. अवघड असते ते आपल्या घराजवळच्या सीमेविषयी तितक्याच सरळपणे बोलणे. प्रारंभीच स्पष्ट करतो, की आपला सीमावाद म्हणजे युद्ध नव्हे. एका देशातल्या, एकाच घटनेखालच्या दोन राज्यांचा तो दावा आहे, आणि त्याची तुलना जळणाऱ्या शहरांशी करणे हा त्या शहरांचा अपमान होईल. पण रोग तोच असला की त्याची सौम्य लक्षणेही ओळखता येतात.

कोल्हापूर आणि कानडी मुलूख यांचे नाते किती जुने, हे सांगायला इतिहाससंशोधकाची गरज नाही. शिलाहारांच्या काळचे या भागातले कितीतरी शिलालेख कानडीत आहेत. शिरोळ, गडहिंग्लज भागातल्या अनेक घरांत आजही आजी नातवाला कानडीत रागावते आणि नातू मराठीत उत्तर देतो. आपण थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, ही हाक कृष्णेपलीकडून आलेली आहे. ज्या तिखटाचा अभिमान आपण पुण्यामुंबईच्या लोकांपुढे मिरवतो, ते कुटायची मिरची संकेश्वरी आणि ब्याडगी. ही दोन्ही नावे आज कर्नाटकात असलेल्या गावांची आहेत. खासबागेच्या मैदानात, १९१२ साली शाहू महाराजांनी ते बांधले तेव्हापासून, कानडी मल्ल लाल मातीत उतरत आले आहेत, आणि चांगली पकड झाली की टाळी देताना कोणी मल्लाची भाषा विचारलेली नाही. ज्ञानदेवांनी तर पंढरीच्या देवालाच कानडा ठरवून टाकले!

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे उदाहरण मला नेहमी विचारात पाडते. घरची भाषा मराठी, गाव धारवाड. आणि विसाव्या शतकातले कानडीचे सर्वश्रेष्ठ कवी म्हणून ज्यांचे नाव घेतात त्यांत हे अग्रभागी. १९४४ ते १९५६ ही वर्षे त्यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात कानडी शिकवण्यात घालवली. मराठीतही ते लिहीत. बेंद्रे कोणाचे? गोगोल कोणाचा, हा प्रश्न रशियन आणि युक्रेनी माणसे आजही एकमेकांना विचारतात. तो युक्रेनमध्ये जन्मला आणि रशियनमध्ये लिहिता झाला. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. लेखक काही सातबाऱ्यावर चढत नाही. पण प्रश्न चुकीचा असला तरी तो विचारला जातो, आणि ज्या वर्षी बेंद्र्यांची सोलापूरची नोकरी संपली त्याच वर्षी तो आपल्याकडेही नकाशावर विचारला गेला.

१ नोव्हेंबर १९५६. राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मागे राहिला, तो आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बेळगाव शहर, निपाणी, खानापूर आणि भोवतालची मराठी गावे पलीकडे राहिली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी त्याने बेळगाव म्हैसुराकडेच ठेवावे आणि काही गावांची अदलाबदल करावी, निपाणी महाराष्ट्राला द्यावी, जत, अक्कलकोट तिकडे द्यावे, असा अहवाल दिला. महाराष्ट्राने तो फेटाळला. ८०० हून अधिक गावांवरचा आपला दावा कायम आहे, आणि २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला आहे. १ नोव्हेंबर हा दिवस बेळगावात दोन प्रकारे पाळला जातो: एका रस्त्यावर राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका, दुसऱ्या रस्त्यावर काळ्या फिती. १९८६ साली शाळांतून कानडीची सक्ती झाली तेव्हा आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि माणसे मेली.

मी मराठी मनुष्य आहे आणि सीमाभागातल्या मराठी माणसावर अन्याय झाला असे मानतो. जमिनीचा उतारा, पालिकेची नोटीस आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावी, मुलाने पहिली अक्षरे आईच्या भाषेत गिरवावीत, यात अवाजवी काय आहे? त्याला जेव्हा कोणी दिल्लीतून किंवा पुण्यातून मोठ्या उदार मुद्रेने सांगतो, "अहो, भाषा काय घेऊन बसलात, आपण सारे भारतीयच!" तेव्हा मला त्या औदार्याचा संशय येतो. 'आपण एकच' हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे हे आधी पाहावे. ज्याची भाषा कचेरीत चालते त्याने ते म्हणणे आणि ज्याची चालत नाही त्याने ते म्हणणे यांत महदंतर आहे. दुर्बळाचे ऐक्य हा त्याग असतो. प्रबळाचे ऐक्य ही पुष्कळदा वाटणी नाकारण्याची युक्ती असते. एम्सचा हुकूमही ऐक्यासाठीच होता.

इथपर्यंत पेठेतला कोणीही माझ्याशी सहमत होईल. पुढचे तितके सोपे नाही.

कोल्हापुरात आज जी घरे उभी राहतात, त्यांच्या पायात कानडी घाम आहे. विजापूर, बागलकोटच्या कोरड्या पट्ट्यातून माणसे इकडे येतात. गवंडीकामाला, खडी फोडायला, वीटभट्टीवर. इचलकरंजीच्या मागांवर सीमेपलीकडच्या माणसांच्या पिढ्या खपल्या आहेत. कानडीत राबण्याला 'दुडी' म्हणतात. एखाद्या बांधकामावर सकाळी उभे राहिले की तो शब्द कानावर पडतोच. आणि तिकडून इकडे येतात तशी इकडची पोरे बंगळूरला संगणकाच्या कामाला जातात. फक्त त्यांना कोणी मजूर म्हणत नाही, आणि ती दिवाळीला विमानाने येतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका कर्नाटकी बसच्या वाहकाला मराठी येत नाही म्हणून मारहाण झाली. त्याचा सूड चित्रदुर्गला आपल्या एस.टी.च्या चालकाला काळे फासून उगवला गेला. मग इकडे कर्नाटकच्या गाड्या अडवल्या, आणि काही दिवस दोन्हीकडची वाहतूक बंद पडली. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका बांधकामावर विजापूरकडची सहा-सात माणसे होती. पेठेतली दोन-तीन पोरे मुकादमाला सांगून गेली, की चार दिवस ही माणसे रस्त्यावर दिसू देऊ नका. पोरे वाईट नव्हती. पुरात गळ्यापर्यंत पाण्यात उतरून ज्यांनी म्हाताऱ्यांना बाहेर काढले, त्यांतलीच ती होती. मुकादमाने वाद घातला नाही. काम थांबले, आणि काम नाही म्हणजे हजेरी नाही.

त्यांतल्या एका प्रौढ गवंड्याला गावी जायचे होते, घरी कोणी आजारी होते. तो मला म्हणाला, "सावकार, गाडी बंद केला म्हणतात. भांडण कुणाचा?"

मी म्हणालो, "सरकारांचं."

"मग सरकारचा गाडी बंद करू दे की," तो म्हणाला, "माझा कशाला?"

कागलपर्यंत वडापने, पुढे कोगनोळीचा नाका पायी ओलांडून पलीकडे मिळेल त्या वाहनाने, असा तो गेला. त्याच्या व्याकरणात गाडीचे लिंग चुकले होते. प्रश्न चुकला नव्हता. भाऊबंदकीत थोरला आणि धाकटा भांडतात, पण उपाशी राहतो तो दोन्ही शेतांवर आळीपाळीने राबणारा गडी. आपल्या भांडणात त्याला कोणी साक्षीलाही बोलावलेले नसते.

यावर ठरलेले उत्तर आहे, आणि ते फार सबळ आहे असे मानतात: "आधी त्यांनी." तिकडे मराठी पाटी फोडतात, मग इकडे कानडी पाटी का राहावी? तिकडे आमच्या मालमोटारींवर दगड पडतात, मग तिकडच्या गाड्या इथून सुखरूप का जाव्यात? फिट्टंफाट हा जगाचा फार जुना कायदा आहे, आणि व्यापारात तो चालतोही. पण फिट्टंफाटीला एक अट असते. ज्याने घेतले त्यानेच फेडायचे. बेळगावातल्या कोणा अधिकाऱ्याने मराठी अर्ज फेकून दिला आणि त्याची भरपाई मंगळवार पेठेतल्या कानडी गवंड्याच्या हजेरीतून वसूल केली, तर त्याला फिट्टंफाट म्हणत नाहीत. त्याला ओलीस धरणे म्हणतात. त्या गवंड्याच्या आणि त्या अधिकाऱ्याच्या मध्ये समान काय आहे? फक्त भाषा. म्हणजे माणसाला त्याच्या भाषेवरून अपराधी ठरवायचे; आणि नेमकी हीच तर आपली बेळगावच्या संदर्भातली तक्रार आहे!

दुसरेही एक विसरून चालणार नाही. ज्या १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी राज्यांच्या सीमा बदलल्या, त्याच दिवशी घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. सीमा आखणाऱ्यांना ठाऊक होते की कोणतीही रेघ माणसांना नेमकी वेगळी करू शकणार नाही. इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे राहणारच. म्हणून रेघेबरोबर हे कर्ज प्रत्येक राज्याच्या नावावर मांडले गेले. शेजारचा फेडत असेल तर तुम्ही फेडा, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. जतमध्ये, अक्कलकोटमध्ये आपल्याकडे कानडी शाळा आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या चालवताना आपण उपकार करतो अशी जी भावना असते ती काढून टाकली पाहिजे. कारण बेळगावातल्या मराठी शाळेला आपण उपकार म्हणत नाही, हक्क म्हणतो.

जतची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या गावांवर दावा सांगितला, तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला! तिथल्या गावांनी काही वर्षांपूर्वी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, हा त्या दाव्याचा आधार. पण त्या गावांची तक्रार भाषेची नव्हतीच. पाण्याची होती. भावाने शेजारच्या आळीत जाऊ का म्हणून विचारले, तर त्याला फितूर म्हणण्यापूर्वी घरात त्याच्या वाट्याला भाकरी येते की नाही हे पाहायला हवे होते. ते पाहायला आपल्याला शेजाऱ्याच्या दाव्याची वाट पाहावी लागली.

त्याच वर्षी डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या नाक्याजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. ती मार्गशीर्ष पौर्णिमेच्या तोंडावरची वेळ होती, आणि कोल्हापूरची माणसे एस.टी.च्या गाड्या भरून सौंदत्तीच्या डोंगरावर गेलेली होती. सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात आहे. यल्लम्माचे भक्त आपल्या पेठापेठांत आहेत. जगाची परडी डोक्यावर घेऊन निघणाऱ्या बायका दरवर्षी ती सीमा ओलांडतात आणि पलीकडे देवीला मराठीत आळवतात. देवीला ते कळते. 'यल्लम्मा' या नावाची फोड कानडी माणसे 'सगळ्यांची आई' अशी करतात. त्या दोन-तीन दिवसांत इथल्या घराघरांत काळजी होती, फोन जात होते, गाड्या परत कशा येतील याची चर्चा होती. ज्यांची आई, आजी डोंगरावर होती, त्यांना त्या दिवसांत पलीकडचा प्रत्येक पोलीस, प्रत्येक दुकानदार, पाण्याचा तांब्या पुढे करणारा प्रत्येक अनोळखी मनुष्य कसा वागावा असे वाटत होते? सरकारासारखा नव्हे. शेजाऱ्यासारखा. आपली माणसे त्याच्या दारात होती, तेव्हा त्याने आपल्या राज्याचा हिशेब त्यांच्याकडून वसूल करू नये, एवढीच अपेक्षा होती. ही अपेक्षा करताना कोणाच्या मनात 'आधी आम्ही काय केले' हा प्रश्न आला नाही. यावा असेही मला वाटत नाही.

एका अर्थाने हा प्रश्न निपाणीने १९८१ मध्येच सोडवून दाखवला होता. निदान काही आठवड्यांपुरता. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. त्यांत मराठी होते, कानडी होते. गाव सीमावादाचे, रस्ता सीमावादाचा, आणि भाकऱ्या मात्र दोन्ही भाषांच्या घरांतून येत होत्या. शेवटी गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. सीमावाद काही त्याने मिटला नाही, मिटणार नव्हताच. मराठी शेतकरी बेळगावचा दावा सोडून तिथे आला नव्हता, की कानडी शेतकरी कर्नाटकाचा अभिमान घरी ठेवून आला नव्हता. दावा दाव्याच्या जागी ठेवून ते एकत्र बसले होते. हे करता येते, एवढेच मला त्यातून दिसते. वाटणीचा दावा कोर्टात चालू असताना भावाच्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकायला गेलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना कोणी ढोंगी म्हणत नाही. जो जात नाही त्यालाच गावकी नावे ठेवते.

गल्लीतल्या त्या पोरांपैकी एकाशी मी हे सगळे बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, तुमचं बरोबर हाय. पण माझी मावशी बेळगावात हाय. तिच्या पोरानं कचेरीत मराठीत अर्ज दिला तर कारकून हातात घेत न्हाई. आमी हितं गप बसलो तर तिला काय सांगायचं? आमी चांगलं वागतोय, तू सोस?"

प्रश्न खरा आहे, आणि मावशी खरी आहे. तिला सांगण्यासारखे माझ्याजवळही फार नाही. कोर्टातल्या तारखा आहेत. तिच्या अर्जासाठी इथून मोर्चा काढता येईल, वर्गणी देता येईल, आमदाराच्या मागे लागता येईल, आणि ते करायला मी त्या पोराबरोबर यायला तयार आहे, असे त्याला म्हणालो. पण गवंड्याची चार दिवसांची हजेरी बुडाल्याने तिचा अर्ज कोणी हातात घेतला का, एवढे मात्र मावशीलाच विचारून ये म्हटले. तो हसला नाही. विचारतो म्हणाला.